खेळावर वय कोण लिहिणार?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांचा भाचा पंचवटीतल्या आमच्या घरी आला होता. दिवसभर मोबाइलवर गोळीबाराचा खेळ. बहिणीला विचारलं, "हा खेळ कितव्या वर्षापासूनचा गं?" ती म्हणाली, "खेळाला कुठे वय असतं, दादा?" प्ले स्टोअर उघडून दाखवलं. खेळाच्या नावाखाली बारीक अक्षरांत होतं, १६+. दोन वर्षं खेळ घरात होता. तो आकडा कुणी वाचलाच नव्हता.

या आकड्यामागे जुनं भांडण आहे. १९७६ साली अमेरिकेत एक्झिडी कंपनीने 'डेथ रेस' आणला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर गाडी हाकायची आणि पळणाऱ्या काडीएवढ्या आकृत्या चिरडायच्या. आकृती सापडली की किंकाळी, आणि त्या जागी थडग्यावरचा क्रूस. कंपनी म्हणाली, ही माणसं नाहीत, भुतं आहेत. लोकांना ते पटलं नाही. वर्तमानपत्रांनी झोड उठवली आणि खेळाची मागणी मात्र वाढली.

१९९२ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आला. खऱ्या नटांच्या चित्रणातून घडवलेली पात्रं, आणि हरलेल्याचं हृदय उपटून काढायचा डाव. घरगुती यंत्रावर आणताना निन्टेन्डो कंपनीने रक्ताचा रंग बदलून घाम केला. प्रतिस्पर्धी सेगाने रक्त ठेवलं, फक्त ते बटणांच्या एका गुप्त क्रमामागे दडवलं. खपात सेगाने बाजी मारली. ९ डिसेंबर १९९३ रोजी सिनेटर जो लिबरमन आणि हर्ब कोल यांनी अशा हिंसक खेळांवर सुनावणी घेतली. सूर स्पष्ट होता: तुम्ही वर्गवारी करा, नाहीतर सरकार करील. १९९४ मध्ये कंपन्यांनी स्वतःच एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड उभं केलं. हे मंडळ बंदी घालत नाही. वेष्टनावर वय लिहितं आणि ते का, हेही लिहितं. आईबापांना शहाणं समजणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

त्याच काळात आम्ही नाशिकच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून 'मुस्तफा' खेळत होतो. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्यातल्या एका पात्राचं नाव आपल्या पोरांनी अख्ख्या खेळाला देऊन टाकलं. त्यात लाथा, सोटे, बंदुका सगळं होतं. आई रागवायची ती पैशांवरून, अभ्यासावरून आणि तिथे बसणाऱ्या मोठ्या पोरांवरून. पडद्यावर काय चाललंय ते बघायला घरचं कुणी आत आलं नाही.

आपल्याकडे सवय बंदीची, आणि तीही राज्यकर्त्यांच्या भीतीपोटी. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढच्याच वर्षी खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बंदी आली, कारण प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसत होता. चित्रपट दाखवण्याआधी परवानगी सक्तीची करणारा १९१८ चा सिनेमा कायदा आला तेव्हा दादासाहेब फाळके नाशकात चित्रपट काढत होते. १९२१ च्या 'भक्त विदुर' चित्रपटाला कराची आणि मद्रासमध्ये अडवलं, ते विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून. 'यू' (सर्वांसाठी) आणि 'ए' (प्रौढांसाठी) हे वर्ग कायद्यात यायला १९४९ उजाडलं.

खेळांच्या बाबतीत तेच घडलं. २०१९ मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत 'पब्जी'विरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने केंद्राला खेळ तपासायला सांगितलं. २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली खरी, पण आणखी ११७ अ‍ॅप्ससोबत आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. हिंसा आणि मुलांचं वय यांवर त्या आदेशाने काहीच ठरवलं नाही. पुढच्या जुलैत तोच खेळ नवं नाव घेऊन परतला.

सिनेमाला २०२३ च्या दुरुस्तीने ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे मिळाले. खेळांसाठी असं वय ठरवणारं मंडळ आपल्याकडे नाही. प्ले स्टोअरवरचा आकडा खेळ बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीतून येतो. आपलं मंडळ व्हायला हवं, आणि त्याने वय व कारण मराठीत लिहायला हवं. तोवर या सुट्टीत मुलाच्या शेजारी बसून तो आकडा एकदा वाचा. त्यावर बोट ठेवलं की कारणही दिसतं.