‘रत्नागिरी’ या शब्दात अक्षरे किती?

र, त्ना, गि, री. चार अक्षरे, असे प्राथमिक शाळेतले मूलही सांगेल. हाच शब्द जावास्क्रिप्ट भाषेत लिहून संगणकाला त्याची लांबी विचारली, तर उत्तर येते ९. रत्नागिरीत बसून संकेतस्थळे घडवायला शिकणारा विद्यार्थी पहिल्या वर्षात केव्हातरी या नऊपाशी येऊन अडखळतो. शिकण्याची बहुतेक पुस्तके इंग्रजी शब्दांची उदाहरणे देतात. रोमन लिपीतील ‘मँगो’ची अक्षरे पाच आणि उत्तरही पाच, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

समजा, आपला विद्यार्थी थिबा राजवाड्याची माहिती देणारे पान करतो आहे. मथळा कोणता, परिच्छेद कोणता, चित्र कोठे हे एचटीएमएलने सांगायचे; रंग, आकार, मांडणी सीएसएसने; आणि बटण दाबल्यावर काय घडावे ते १९९५ साली जन्मलेल्या जावास्क्रिप्टने. हे तीन विभाग वेगळे ठेवण्याची सवय लागायलाच बरेच महिने जातात. त्याची घाई करू नये, असे आम्हांला वाटते.

पहिला धक्का मात्र लवकर बसतो. मराठी मजकुराऐवजी पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि भलत्याच खुणा पुन्हा पुन्हा उमटतात. असे का व्हावे? १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागांचा पट्टा राखून ठेवला. त्याची मांडणी भारतात आधीच तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतावलीवर आधारलेली होती. यूटीएफ-८ पद्धतीत यातील प्रत्येक खूण तीन बाइटांत साठवली जाते आणि तिघांपैकी पहिला बाइट नेहमी तोच असतो. पान यूटीएफ-८ मध्ये आहे हे ब्राउझरला कळले नाही, तर तो एकेका बाइटला युरोपीय अक्षर समजू शकतो. मग तो सामाईक बाइट ‘ए’ होऊन सारखा डोकावतो! पानाच्या आरंभी संकेतावलीचे नाव लिहिणारी एक ओळ घातली की दोष जातो.

आता ते नऊ. युनिकोडला आपली ‘अक्षरे’ माहीत नाहीत, त्याला खुणा माहीत आहेत: र, त, हलन्ताची खूण, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. मोजून पाहा, नऊच भरतात, आणि बाइट २७. हा शब्द खुणांच्या क्रमाने उलटा करायला सांगितला तर आरंभी एक अनाथ दीर्घ वेलांटी आणि तिच्यामागे ‘रिगान्तर’ असे काहीतरी येते. वर्गात फळ्यावर हे करून दाखवावे. जोडाक्षर म्हणजे काय हे व्याकरणाच्या तासापेक्षा येथे जास्त स्पष्ट होते. वाचकाच्या दृष्टीने अक्षरे तोडून देणारी सोय ब्राउझरमध्ये आता आहे. पण तीही आधी ‘त्’ आणि ‘ना’ वेगळे धरून पाच मोजत असे. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली आला. त्यामुळे ब्राउझर जुना की नवा, यावर उत्तर पाच की चार हे ठरते.

शब्दांची यादी लावतानाही अशीच गंमत होते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून कोशात ‘कावळा’ आधी आणि ‘काळा’ नंतर. युनिकोडच्या पट्ट्यात मात्र ‘ळ’ची जागा ‘व’च्या अलीकडे आहे. नुसत्या क्रमांकांवर विसंबणारा कार्यक्रम ‘काळा’ आधी ठेवतो. क्रम मराठीच्या नियमांनी लावावा, असे त्याला मुद्दाम सांगावे लागते.

सर्वांत फसवे प्रकरण ‘दऱ्या’ या शब्दाचे. तो दोन प्रकारे टंकित होतो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्ताची खूण आणि तिच्यापुढे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर साधा शोध-कार्यक्रम ‘सापडला नाही’ म्हणतो. नवशिका विद्यार्थी मजकूर ‘स्वच्छ’ करण्यासाठी सगळ्या अदृश्य खुणा सरसकट पुसून टाकतो, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा एका क्षणात ‘दर्या’ होतो. पुसण्याआधी ती जोडखूण ओळखून तेथे ‘ऱ’ घालावा, मग दोन्ही प्रकारांचे शब्द एकमेकांशी जुळतात.