गुणपत्रिकेपलीकडचे मोजमाप

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला आपण पदार्थाचे वस्तुमान, द्रवाची घनता, विद्युतप्रवाह मोजावयास शिकवितो. स्वतःचे आकलन मोजावयास मात्र शिकवीत नाही. ते काम परीक्षकाकडे सोपविलेले असते, आणि त्याचा निकाल हाती येतो तेव्हा चुका सुधारण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

'मला हे समजले आहे' ही भावना किती फसवी असते, हे अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसून आले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने तो एकाच सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत न पाहता, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पहिला गट सरस ठरला. आठवड्यानंतर मात्र त्या गटाला सुमारे ४० टक्के, तर दुसऱ्याला ६१ टक्के मजकूर आठवला. विशेष हे की, आपल्या लक्षात अधिक राहील असा विश्वास नुसते वाचणाऱ्या गटालाच अधिक होता!

तयार उत्तरे हातातल्या फोनवर क्षणात मिळू लागल्यावर हा भ्रम अधिकच बळावतो. दुसऱ्याने सोडविलेले उदाहरण डोळ्यांखालून गेले, की ते आपल्यालाही येते असे वाटू लागते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला स्थान दिले, हे योग्यच झाले. परंतु तो भरावयाचा आणखी एक रकाना होऊन बसू नये. उपाय साधे आहेत. पुस्तक मिटून प्रकरणाचा सारांश लिहावा. उत्तरपत्रिका देण्यापूर्वी अपेक्षित गुण टिपून ठेवावेत आणि मिळालेल्या गुणांशी ते ताडून पाहावेत. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ९.३ आले, तर आकडा 'जुळवून' घेण्यापेक्षा, लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजावयाची राहिली काय, हे तपासावे.

यासाठी शिक्षकांना मात्र एक पथ्य पाळावे लागेल. 'येथे मला समजत नाही' असे विद्यार्थ्याने लिहिले, तर त्याचे गुण कापले जाऊ नयेत. प्रामाणिकपणाला दंड आणि जुळविलेल्या आकड्याला पैकीच्या पैकी गुण, हा न्याय जोवर प्रयोगशाळेत चालतो, तोवर स्वयंमूल्यमापनाचा रकानाही जुळवूनच भरला जाईल.