इंजिनाचा जीर्णोद्धार

मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशके काळ्या-पिवळ्या रंगाची एक लहानशी टॅक्सी अखंड धावत असे. तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. इटलीतील फियाट कंपनीच्या आराखड्यावरून ती मुंबईतच, कुर्ला येथील कारखान्यात, तयार होत असे. २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात तिची टॅक्सी म्हणून असलेली सेवा संपली. तथापि हौशी लोकांनी जपलेल्या काही पद्मिनी आजही चालू स्थितीत आहेत. या गाड्या इतकी वर्षे टिकल्या, याचे मोठे श्रेय त्यांची इंजिने वेळोवेळी खोलून पुन्हा बांधणाऱ्या कारागिरांना आहे.

जुने इंजिन पुन्हा बांधणे हे जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार करण्यासारखेच आहे. सगळा वाडा पाडून नवा बांधला, तर त्याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत. आणि कुजलेली तुळई तशीच ठेवून वरून रंग दिला, तर ती फसवणूक ठरते. काय ठेवावे व काय बदलावे, हे ठरविण्यातच खरे कौशल्य आहे. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने तर हा पोटाचा प्रश्न असे. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडे. सगळेच भाग नवे घालण्याइतका पैसा गाठीस नसे. आणि नको तेथे काटकसर केली, तर थोड्याच दिवसांत सारा खर्च पाण्यात जाई.

पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर असून त्यात पिस्टन ७५ मिलिमीटर खालीवर होतो. पिस्टनच्या खोबणीत बसविलेल्या रिंगा पेटलेल्या वायूचा दाब वरच रोखून धरतात आणि खालचे तेल वर चढू देत नाहीत. रिंगा व सिलिंडर झिजले, की तेल जळू लागते, मागच्या नळीतून निळसर धूर निघतो आणि चढावावर गाडी दम टाकते.

इंजिन खोलल्यावर कारागीर सर्व भाग रॉकेलने स्वच्छ धुतो आणि कोणता भाग कोणत्या जागेचा, याची खूण करून ठेवतो. कारण एकमेकांवर घासून जुळलेले भाग आपापल्या जागीच परत बसवावे लागतात. मग निवड सुरू होते.

काही भाग विचार न करता बदलायचे असतात. दोन पृष्ठभागांमध्ये बसविलेले गॅस्केट एकदा दाबले गेले, की पुन्हा नीट बसत नाही. तेल अडविणारी रबरी सिले कालांतराने कडक होतात. यांची किंमत थोडी. परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी सारे इंजिन खोलावे लागते. म्हणून ती वरवर चांगली दिसली, तरीही नवीच घालतात. उलट पाण्याचा पंप बाहेरून काढता येतो. तो ठीक चालत असेल, तर त्याचा खर्च पुढे ढकलता येतो.

काही भागांचा निर्णय मोजमापावर अवलंबून असतो. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. सर्वांत वरची रिंग जेथून परत फिरते, तेथे उष्णता व दाब अधिक आणि तेल कमी. म्हणून तेथे झीज अधिक होते. शिवाय पिस्टन बाजूच्या भिंतीवर रेटला जात असल्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होते. हा फरक एखाद्या केसाच्या जाडीएवढा असला, तरी महत्त्वाचा असतो. म्हणून व्यास वर, मध्ये व खाली, आडवा आणि उभा मोजतात. झीज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली असेल, तर चारही सिलिंडर काही दशांश मिलिमीटरने मोठे करून त्या मापाचे नवे पिस्टन बसवितात. लंबगोल सिलिंडरात नुसत्या नव्या रिंगा घालणे व्यर्थ होय.

क्रँकशाफ्टची गोष्ट याहून मौजेची आहे. तो कठीण धातूचा व महाग असतो; त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगांचा आतला थर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. बेअरिंगांनी झिजावे व क्रँकला वाचवावे, हीच योजना. म्हणून मोजून ठीक आढळलेला क्रँक ठेवतात आणि बेअरिंगे बदलतात.

ओतीव लोखंडाचा ब्लॉक सहसा टिकतो. पण त्याला तडा गेला नाही ना, हे पाहावे लागते. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. संशयित जागी रॉकेल लावून ते पुसून घेतात व वर खडूची पूड फासतात. तडा असल्यास आत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते.

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट हा मात्र काटकसरीचा विषय नव्हे. धावत्या इंजिनात असा एखादा बोल्ट तुटला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. चार पैसे वाचवू पाहणाऱ्याचे संपूर्ण इंजिन जाते.

थोडक्यात, प्रत्येक भागाविषयी तीन प्रश्न विचारावयाचे असतात. त्याचे माप मर्यादेत आहे काय? तो निकामी झाल्यास हानी किती होईल? त्याच्यापर्यंत पुन्हा पोहोचण्यास श्रम किती पडतील? याखेरीज, झीज कशामुळे झाली, हेही शोधावे लागते. हवेची गाळणी फाटलेली असेल आणि धूळ आत जात असेल, तर नवे भागही लवकरच जुन्यांच्या वाटेने जातील.

मालकाला यांतले फारसे कळत नाही. त्याची भिस्त कारागिराच्या शब्दावर असते. म्हणून चांगला कारागीर काढलेला प्रत्येक भाग मालकापुढे ठेवतो, त्यावरील झीज दाखवितो आणि मगच नव्या भागाचे पैसे मागतो. अचूक मोजमाप हा त्याच्या विद्येचा कस होय. आणि जे बदलण्याची गरज नाही, ते बदलू नका, असे सांगणे हा त्याच्या सचोटीचा.