प्लॅस्टिकही कूस बदलते!

दुधाची प्लॅस्टिकची पिशवी तुमच्या चांगल्या परिचयाची आहे. ती पॉलिएथिलीनची असते. पण तिच्यावर छपाई टिकते कशी, याचा विचार तुम्ही केला आहे का? साध्या पॉलिएथिलीनवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. स्वच्छ काचेवर पसरतो तसा तो पसरत नाही. मणी होऊन बसतो. शाईही तेथे नीट धरत नाही.

पॉलिएथिलीनच्या लांबलचक साखळ्यांत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. पाण्याला ओढून घेणारे ध्रुवीय गट त्यांत नसतात. म्हणून कारखान्यात उच्च दाबाच्या विजेने हवेत जांभळट झगमग निर्माण करून तिच्यातून ही फिल्म सरकवतात. याला ‘कोरोना प्रक्रिया’ म्हणतात. हवेतील ऑक्सिजन साखळ्यांना जोडला जातो व पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल, कार्बोनिल असे ध्रुवीय गट तयार होतात. आता शाई पसरते आणि चिकटून राहते.

गंमत पुढेच आहे. ही फिल्म काही आठवडे तशीच ठेवली, तर शाई पुन्हा नीट धरेनाशी होते! गट नाहीसे झाले का? नाही, त्यांतील पुष्कळसे आत वळलेले असतात. प्लॅस्टिक वरून स्थिर दिसले, तरी त्याच्या साखळ्यांचे भाग नेहमीच्या तापमानालाही हलत असतात. पृष्ठभागाची ओढ आपली ऊर्जा कमीत कमी करण्याकडे असते. हवेच्या सान्निध्यात ध्रुवीय गट आत गेले, की ही ऊर्जा घटते.

छापखान्याची ही अडचण विजेच्या तारांना मात्र वरदान ठरते. तारा खांबापासून अलग ठेवणारे इन्सुलेटर चिनी मातीचे असतात, तसे सिलिकोन रबराचेही असतात. कोकणासारख्या समुद्रकाठी त्यांच्यावर खारट थर बसतो. तो ओला झाला, की त्यातून वीज वाहून पुरवठा बंद पडू शकतो. सिलिकोन रबरावर पाण्याचे मणीच होतात. ठिणग्यांनी हा गुण काही काळ हरपतो. पण आतील लहान सिलिकोन-रेणू हळूहळू वर येतात, मळाच्या थरावरही पसरतात आणि पाणी पुन्हा ओघळून जाते.

आता तुम्हीच सांगा : कोरोना प्रक्रिया केलेले एक रीळ तापलेल्या गोदामात आणि दुसरे थंड खोलीत ठेवले, तर कोणते आधी निकामी होईल? आणि का?