मोहाची दारू (डहाणू व तलासरी)

मोहाची दारू हे मोहाच्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने तयार केले जाणारे पारंपरिक मद्य आहे. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत वारली व अन्य आदिवासी समाजांत ते घरगुती पेय म्हणून पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. ताडी हे या भागातील दुसरे प्रमुख पेय होय. मात्र ताडी केवळ आंबवलेला रस असतो, तर मोहाची दारू आंबवल्यानंतर गाळली जाते. त्यामुळे ती ताडीपेक्षा बरीच तीव्र असते.

मोहाचे झाड व फुले

मोह (मधुका लाँगिफोलिया) हा सॅपोटेसी कुळातील पानझडी वृक्ष आहे. डहाणू-घोलवडचा प्रसिद्ध चिकूही याच कुळातील आहे. साधारण मार्च-एप्रिलमध्ये मोहाला मांसल, फिकट पिवळसर फुले येतात. ती रात्री उमलून पहाटे गळून पडतात आणि स्त्रिया व मुले ती सकाळी वेचतात. वाळवलेल्या फुलांत शर्करेचे प्रमाण वजनाच्या निम्म्याहून अधिक असू शकते. ही फुले वर्षभर टिकतात व टंचाईच्या काळात अन्न म्हणूनही वापरली जातात. बियांपासून खाद्यतेल मिळते. त्यामुळे मोहाचे झाड हा आदिवासी कुटुंबाच्या निर्वाहाचा आधार मानला जातो.

निर्मिती

वाळलेली फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवतात. फुलांवरील व हवेतील यीस्टमुळे शर्करेचे अल्कोहोलमध्ये रूपांतर होते. बुडबुडे येणे थांबले की आंबवण पूर्ण झाले, असे समजतात. हे मिश्रण भांड्यात तापवून त्याची वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात नेतात व थंड पाण्याने निववतात. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला, म्हणजे पाण्याआधी उकळत असल्याने सुरुवातीच्या द्रवात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतील रूढ शब्दप्रयोग यावरूनच आला आहे. पुढील धारा क्रमाने सौम्य होत जातात.

फळांचा स्वाद व जिनशी तुलना

मोहाच्या दारूला फुलांचा स्वतःचा गंध असतो. जिनचे तसे नाही. जिनमध्ये मूळ मद्यार्क जवळजवळ स्वादहीन असतो व त्याला ज्युनिपरच्या फळांचा स्वाद दिला जातो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार जिनमध्ये किमान ३७.५ टक्के अल्कोहोल आवश्यक असते. इंग्लंडमध्ये तयार जिनमध्ये स्लो नावाची रानफळे व साखर घालून ती काही महिने मुरवण्याची घरगुती पद्धत जुनी आहे. यात भट्टी लागत नाही; अल्कोहोल फळातील रंग व सुगंध शोषून घेते. फळातील पाणी मद्यात उतरल्याने त्याची तीव्रता काहीशी घटते, म्हणून फळे पूर्ण बुडालेली ठेवावी लागतात. जांभूळ, करवंद यांसारखी कोकणातील गडद रंगाची फळेही या पद्धतीने मुरवता येतात. चिकूसारखे मऊ व गोड फळ आंबवून वाईन करण्यास अधिक योग्य ठरते. डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे चिकूची वाईन तयार होते.

सामाजिक स्थान

वारली समाजात लग्न, सण व देवकार्यात मद्याला स्थान आहे. पिण्यापूर्वी देव व पूर्वजांच्या नावाने काही थेंब जमिनीवर सोडण्याची रीत आहे. दुसरीकडे, व्यसन, कर्जबाजारीपणा व घरातील हिंसा यांमुळे दारूला विरोधही होत आला असून त्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

इतिहास व कायदा

ब्रिटिश काळात मद्यावरील कर हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपावरील नियंत्रण कडक झाले. १८९२च्या मोहडा कायद्याने तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे व बाळगणे यांवरही बंधने आली. त्याच काळात उरण येथील पारशी मालकीच्या भट्ट्यांत मात्र मोहाचीच दारू परवान्याने तयार होत असे. परिणामी स्वतःच्या आवारातील फुलांपासून बनणारे पेय आदिवासींना दुकानातून विकत घ्यावे लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात १९४९चा दारूबंदी अधिनियम लागू झाला. त्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर नियमन वा बंदी आणण्याचा अधिकार दिला आहे. २०२१मध्ये राज्य शासनाने मोहफुलांच्या संकलन व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. गोव्यातील काजू फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले व तिला अधिकृत बाजारपेठ लाभली; मोहाच्या घरगुती दारूला महाराष्ट्रात असे स्थान नाही.

आरोग्य व सुरक्षितता

हातभट्टीच्या दारूतील मोठा धोका भेसळीचा असतो. केवळ फुलांपासून गाळलेल्या दारूत मिथेनॉल अल्प असते, परंतु नफ्यासाठी औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यास अंधत्व वा मृत्यू ओढवू शकतो. जून २०१५मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मिथेनॉल चव वा वासावरून ओळखता येत नाही. पिल्यानंतर काही तासांनी दृष्टी अंधूक होणे, उलट्या किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.