लाल चिखल, राख आणि लोखंडाचा कीस

बॉक्साइटमधला ॲल्युमिना कॉस्टिक सोड्यानं विरघळवून काढून घेतला की मागे उरतो लाल चिखल: लोखंडाच्या गंजानं रंगलेला, कातडीला झोंबणारा. टनभर ॲल्युमिनामागे टन-दीड टन. कारखान्यांना तो ठेवायचा कुठे, हीच पंचाईत.

१९९५ मध्ये इस्तंबूल विद्यापीठातल्या रेशात आपाक आणि सहकाऱ्यांनी या चिखलाला काम दिलं. तो पाण्यानं धुतला, आम्ल आणि उष्णतेची प्रक्रिया करून पाहिली आणि पाण्यातलं किरणोत्सारी सिझियम-१३७ व स्ट्रॉन्शियम-९० त्यावर चिकटतं का ते तपासलं. चिकटत होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दगडी कोळशाच्या राखेवर हाच प्रयोग केला.

राखेचा पूर्वेतिहास थोडा जुना. अल्कलीच्या द्रावणात तापवली तर राखेचा जिओलाइट होतो, हे १९८५ मध्ये जर्मनीत ह्योलर आणि व्हिर्शिंग यांनी मांडलं होतं. जिओलाइट म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत स्फटिकरूपानं सापडतो तोच. जाळीसारख्या त्याच्या रचनेत सोडियम सैलसर बसलेलं असतं; सिझियम आलं की ते जागा सोडतं. ब्रिटनच्या सेलाफिल्ड अणुकेंद्रात त्याच वर्षी सुरू झालेल्या पाणी-शुद्धीकरण यंत्रणेत मात्र खाणीतला जिओलाइट भरला गेला.

अशा स्वस्त पदार्थांची प्रयोगशाळेबाहेरची खरी परीक्षा युरेनियमवर झाली. १९९७ मध्ये अमेरिकेत, युटातल्या फ्राय कॅनियनमध्ये भूजलाच्या वाटेवर जमिनीत तीन वेगवेगळे गाळणथर बसवले. एकात हाडांचा कोळसा होता, एकात लोखंड. लोखंड सरस ठरलं: विरघळलेल्या युरेनियमला ते इलेक्ट्रॉन देतं, आणि युरेनियम न विरघळणारं होऊन जागीच बसतं. दोन वर्षांनी युटातल्याच माँटिसेलोला जमिनीत अशीच लोखंडाची भिंत झाली. तिथं लोखंडानं युरेनियम अडवलं खरं, पण पाण्यातल्या चुन्याची पुटं चढून भिंतच तुंबत गेली.

चिखल-राखेवरचे शोधनिबंध पुढेही येतच राहिले. प्रत्यक्ष प्रकल्पात त्यांची वर्णी क्वचितच लागली. कारणं साधी आहेत. कोळसा बदलला की राख बदलते, आणि लाल चिखलात मुळातच थोडं थोरियम-युरेनियम असतं.

२०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुऊर्जा केंद्रात सिझियमनं भरलेलं पाणी साचलं, तेव्हाही मदतीला आला तो जिओलाइट. राखेपासून केलेला नव्हे. सिझियम धरलेल्या त्या जिओलाइटची जडशीळ भांडी त्याच आवारात रचून ठेवली आहेत.