कळंब्याच्या तटाआतली नोकरी

कोल्हापुरात तुरुंग दोन आहेत. एक बिंदू चौकातला, जुन्या शहराच्या गजबजाटात. दुसरा दक्षिणेकडे कळंब्याला. कळंब्याचा तुरुंग राज्यातल्या 9 मध्यवर्ती कारागृहांपैकी एक असून तिथे जन्मठेपेचे बंदी असतात, तसेच खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे न्यायाधीन बंदीही. या सगळ्यांना सांभाळणाऱ्या नोकरवर्गाविषयी मात्र बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते.

अंगावर खाकी असली तरी ही मंडळी पोलीस नव्हेत. कारागृह विभाग गृहखात्याखालचा स्वतंत्र विभाग असून त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. कारागृहाचा प्रमुख अधीक्षक. त्याच्या हाताखाली उपअधीक्षक, वरिष्ठ तुरुंगाधिकारी व तुरुंगाधिकारी, आणि मग सुभेदार, हवालदार, शिपाई. अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवड्याच्या दौलतराव जाधव महाविद्यालयात होते. बंद्याला कोर्टात नेण्या-आणण्याचे काम पोलिसांचे. तो फाटकाच्या आत आला की जबाबदारी तुरुंगाधिकाऱ्याची.

दिवस मोजणीने उजाडतो आणि मोजणीनेच मावळतो. सकाळी बराकी उघडताना आणि सायंकाळी बंद करताना माणसे मोजायची आणि आकडा नोंदवहीशी जुळवायचा. एक जरी कमी भरला तरी पुन्हा मोजणी, आणि आकडा जुळेपर्यंत कुणाची सुटका नाही. त्यानंतर रात्रभर गस्त आणि कुलपांची तपासणी चालते.

कागदांचे काम याहून नाजूक. शिक्षेची मुदत, माफीचे दिवस, संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल), जामिनाचा आदेश हे सारे तारखांचे हिशेब. सोडताना नाव, वडिलांचे नाव, अंगावरच्या खुणा पडताळाव्या लागतात. नजरचुकीने भलताच सुटला तर चौकशी लागते. सुटायचा माणूस एक रात्र जास्त आत राहिला तर त्याच्या आयुष्यातला तो दिवस कुणीच भरून देऊ शकत नाही. या खात्यातली खरी कसोटी लाठीपेक्षा लेखणीची आहे.

या नोकरीचा साचा 1894 च्या तुरुंग कायद्याने घातला. जेलरने, म्हणजे तुरुंगाधिकाऱ्याने, तुरुंगातच राहावे, अधीक्षकांच्या लेखी परवानगीवाचून एकही रात्र बाहेर काढू नये, बंद्यांशी कसलाही पैशाचा व्यवहार करू नये, तुरुंगाच्या ठेक्यात हितसंबंध ठेवू नये असे त्यात बजावले आहे. फाटकावरच्या माणसाला आत-बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तपासण्याचा अधिकार आहे. हे कठोर वाटते, पण त्यामागे अनुभव आहे. चोरून आत आलेला मोबाईल किंवा गांजाची पुडी यांमुळे बराकीतला दुबळा माणूस दांडग्याच्या हाती जातो, आणि मिंध्या झालेल्या शिपायाला मग कुणालाच अडवता येत नाही. म्हणून सहानुभूती असावी, सलगी नसावी, हा या पेशाचा शहाणपणा.

आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे 6 बंद्यांमागे 1 रक्षक हवा. बहुतेक तुरुंगांत क्षमतेपेक्षा बंदी जास्त आणि कर्मचारी कमी असतात. ताण पडतो तो पहाऱ्यावरच्या शिपायाच्या झोपेवर आणि त्याच्या घरावर. सुधारणेच्या कार्यक्रमांची चर्चा होते तेव्हा हा हिशेबही मांडायला हवा, कारण थकलेला माणूस फक्त कुलूप सांभाळू शकतो.

पुरेसा वेळ आणि विश्वास मिळाला तर काय घडते, याचे दाखले याच मुलखात आहेत. अंबाबाईच्या मंदिरातला लाडूचा प्रसाद कळंब्याच्या बंद्यांनी वळला आहे. ‘गळाभेट’ या उपक्रमात बंद्यांना आपल्या मुलांना जाळीविना भेटता येते. आणि आटपाडीजवळ औंध संस्थानने 1939 मध्ये वसवलेले स्वतंत्रपूर तर भिंतीवाचूनचे. तिथे बंदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. कथा ग. दि. माडगूळकरांची, सहा खुन्यांवर विसंबणाऱ्या जेलरची भूमिका शांतारामांनी स्वतः केली.

1894 च्या त्या तुरुंग कायद्याच्या जागी केंद्राने 2023 मध्ये राज्यांसाठी नव्या कायद्याचा नमुना तयार केला. त्याच्या नावातच कारागृहाच्या जोडीला ‘सुधारात्मक सेवा’ हे शब्द आहेत.